मशीन एकाचं नको, गल्लीचं हवं

स्क्रोल सॉ हे यंत्र एकट्याने विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार घरांनी मिळून घ्यावं, गल्लीने घ्यावं, गणेश मंडळाने घ्यावं, शाळेने घ्यावं. तालुक्यातल्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं कार्यानुभव शिकवला आणि निवृत्तीनंतर लोणखेड्यात घराच्या पडवीत हे मशीन मांडलं. माझं मत तिथे पक्कं झालं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते टेबलावर मावतं. वर एक बाहू, खाली एक बाहू आणि दोघांच्या टोकांमध्ये ताणून बसवलेलं पाचेक इंच लांबीचं, जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद पातं. मोटार चालू केली की पातं शिलाई मशिनच्या सुईसारखं वर-खाली होतं आणि आपण लाकूड दोन्ही हातांनी रेघेवरून फिरवायचं. मोराची मान, वेलाची गुंडाळी, अक्षराची वेलांटी, सगळं त्यावर कापता येतं. देवनागरीतलं नाव कापायला तर फारच सोपं. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, त्यामुळे अख्खं नाव एकसंध निघतं. रोमन लिपीतली पाटी करायला घेतली की अक्षरं सुटी होऊन हातात येतात. आपल्याकडे अनुस्वाराचं टिंब तेवढं वेगळं चिकटवावं लागतं.

आता हे काम सोबतीचं का, ते. जाळी आतून कापायची असते. त्यासाठी आधी ड्रिलने भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवून ताणायचं आणि मग कापायचं. मखराच्या एका कमानीत अशी शेकडो छिद्रं असतात. एकटा माणूस हे करता करता कंटाळतो, मशीनवर चादर टाकतो आणि ते कायमचं तसंच राहतं. दोघं-तिघं असले की एक भोकं पाडतो, एक कापतो, एक कडा पॉलिश पेपरने घासतो. बोलणं चालू राहतं. सहा मिलिमीटरच्या प्लायवर रेघेला धरून कापताना घाई करता येत नाही, रेटलं की पातं तुटतं. म्हणून बोलणंही शांतपणे होतं. रंध्याच्या मशीनसारखा कान फाडणारा आवाज याला नाही, शेजारच्या खोलीत पोरगं अभ्यास करू शकतं.

लोणखेडा शहाद्याला लागूनच आहे. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांमुळे आमच्या गावात बाहेरची मुलं-मुली खोल्या घेऊन राहतात. माझ्या पडवीत त्यांतली काही येतात, पपई आणि केळी पिकवणारे शेतकरी येतात, एसटीतून निवृत्त झालेले एक चालक येतात, गल्लीतल्या बायका दुपारी येतात. एरवी ही माणसं एका ओट्यावर बसली नसती. धडगावकडची एक विद्यार्थिनी पहिल्यांदा आली तेव्हा नुसती उभी राहून बघत होती. मग तिने कागदावर चित्र काढलं: होळीत नाचणारा माणूस, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं. ते आम्ही प्लायवर चिकटवलं आणि तिने स्वतः कापलं. पिसांची बारीक टोकं तिने इतकी सफाईने सोडवली की बाकीचे कापायचं थांबवून बघत राहिले. शेजारच्या म्हाताऱ्या मायने हातात घेऊन विचारलं, "हाई काय शे, बेटा?" त्यावर त्या मुलीने सातपुड्यातली राजवाडी होळी, रात्रभर वाजणारे ढोल, व्रत धरून नाचणारे लोक, हे सगळं सांगितलं. शहाद्यापासून काही तासांवरचं हे जग गल्लीतल्या कित्येकांना पहिल्यांदाच कळत होतं.

लाकडाशी आमच्या भागाचं नातं जुनं आहे. तळोदा इथून फार लांब नाही. इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर तळोद्याला खानदेशातली लाकडाची मुख्य पेठ म्हणतं आणि खानदेशी गाड्यांतल्या सर्वांत चांगल्या गाड्या तिथेच बनतात, एकेक साधारण चाळीस रुपयांना, अशी नोंद करतं. त्या गाड्या घडवणारे हात कुणाचे होते? सुतारांचे. गावगाड्यात सुतार वखर, तिफण, चाक दुरुस्त करायचा आणि सुगीला बलुतं घ्यायचा. ट्रॅक्टर आला, लोखंडी औजारं आली, आणि वाकस-पटाशी असलेली घरं दुसऱ्या कामाला लागली. तयार दरवाजे, तयार फर्निचर यांनी उरलंसुरलं काम नेलं.

आमच्या पडवीत एक वयस्कर मिस्तरी येतात. त्यांनी आयुष्यात स्क्रोल सॉ पाहिलेला नव्हता. पण फळी हातात घेतली की तिचे रेषे कुठून कुठे जातात, कुठे ती फाटेल, मोराची चोच उभ्या रेषेत धरावी की आडव्या, हे ते बोटाने दाखवतात. बारीक चोच आडव्या रेषेत आली तर पहिल्या धक्क्याला मोडणार. हे ज्ञान कुठल्याही मोबाइलवरच्या चित्रफितीतून असं मिळत नाही, कारण समोरची फळी त्या चित्रफितीत नसते. एकेकाळी कुठलं औजार कुणाच्या हातात असावं, हे जातीने ठरायचं. सुताराला गरजेपुरतं बोलवायचं, ओट्याखाली काम करून घ्यायचं आणि धान्य मोजून द्यायचं, ही रीत मी लहानपणी पाहिली आहे. आता त्याच मिस्तरींच्या शेजारी पाटलाच्या घरातला मुलगा आणि पावरा मुलगी बसतात आणि "बाबा, हे बरोबर धरलंय का?" असं विचारतात. मला या छंदातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. म्हणूनच आग्रहाने सांगतो, अशी जागा जिथे कुठे उभी राहील तिथे मिस्तरींना पाहुणे म्हणून बोलावू नका. शिकवणारे म्हणून बोलवा आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या.

लाकडाच्या रंगांचंही असंच. रंगाची डबी न उघडता चित्र करता येतं, हे आमच्या मिस्तरींनीच दाखवलं. हळदूचं लाकूड पिवळसर, शिसमाचं गडद, सागाचं सोनेरी तपकिरी, काळ्या कुड्याचं जवळजवळ हस्तिदंती पांढरं. मोडक्या खाटेचा गात, जुन्या चौकटीचा तुकडा, पॅकिंगच्या खोक्याची फळी, असं काहीही चालतं. झाड तोडायची गरजच पडत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा आम्ही अशाच तुकड्यांतून जोडला: अंग सागाचं, आयाळ शिसमाची, कपाळावरचा पट्टा कुड्याचा. वेगवेगळ्या रंगांचे पत्रे एकावर एक ठेवून एकदम कापायचे आणि मग अदलाबदल करून बसवायचे, ही युक्ती सतराव्या शतकात पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बूल पितळ आणि कासवाच्या कवचावर वापरत असे. त्याच्याकडे मोटार नव्हती, हातकरवत होती.

आणि मखर. माझ्या पिढीला आठवत असेल, थर्माकोल यायच्या आधी आणि नंतरही काही घरांत मखर प्लायचं असायचं. यू आकाराच्या हातकरवतीने कापलेलं, सोनेरी रंग दिलेलं, घडी करून माळ्यावर ठेवलेलं. ते वर्षानुवर्षं टिकायचं. थर्माकोलने ती सवय मोडली. हलकं, स्वस्त, एका वर्षाचं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली, तेव्हा अनेकांना पर्याय सुचेना. पर्याय माळ्यावर होता. आमच्या गल्लीत आता काही घरांची मखरं पडवीत कापली जातात. श्रावणात कागदावर नक्षी ठरते, गौरी-गणपतीपर्यंत कापून, घासून, पॉलिश होऊन तयार. पुढच्या वर्षी तेच मखर, फार तर एखादी नवी कमान.

यावर मला हमखास विचारलं जातं, सर, शहाद्यात लेझरवर अर्ध्या तासात कापून मिळतं, मग ही मेहनत कशाला? दहा दुकानांना दहा पाट्या हव्या असतील तर जरूर लेझरवर कापून घ्याव्यात. पण लेझरच्या यंत्राभोवती संध्याकाळी माणसं बसत नाहीत. फाइल द्यायची, पैसे द्यायचे, वस्तू घ्यायची. मला वस्तूइतकीच ती वस्तू होत असतानाची संध्याकाळ हवी आहे. निवृत्त झालेल्या पुरुषांची आपल्याकडे जी अवस्था होते, ती बघा: घरात करमत नाही, पारावर राजकारण सोडून विषय नाही, आणि हाताला काम नाही. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात याच दुखण्यावर उपाय म्हणून वस्तीतल्या पुरुषांसाठी सामायिक कामशेड सुरू झाल्या. आज त्या देशात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. तिथे माणसं खुर्ची दुरुस्त करता करता आजारपणाबद्दल, बायको गेल्याबद्दल बोलतात. आमचे एसटीवाले चालकही पडवीत घोड्याचा खूर घासतानाच पहिल्यांदा आपल्या दुःखाबद्दल बोलले.

मुलांसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. जिगसॉ कोड्याची सुरुवात ती. आम्ही तेच नंदुरबार जिल्ह्यावर केलं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव. सहा तुकडे, सहा लाकडं. उत्तरेला अक्कलकुवा-अक्राणीच्या कडेने नर्मदेची वळणं कापताना मोठ्या मुलांचा कस लागला. धाकट्यांनी तुकडे जुळवले. नर्मदा आपल्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाने वाहते आणि तापी मधून, हे त्यांच्या बोटांना कळलं. असे नकाशे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत असायला हरकत काय?

सुरक्षेबद्दल लपवाछपवी नको. गोल करवतीच्या मानाने हे यंत्र खूपच सौम्य आहे, पण बोट पात्यासमोर गेलं तर कापतं. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसाला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलेलं आहे. म्हणून मास्क, चष्मा, मोकळी हवा, आणि ओढणी-पदर-बाही आवरलेली. मोठ्या माणसाशिवाय मुलांनी मशीन चालू करायचं नाही. एकाच जागी मशीन असल्याचा हाही फायदा, शिस्त सगळे मिळून पाळतात.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. तिच्या सावलीत कार्यानुभव हा विषय आला, आणि मी तो शिकवला. बहुतेक शाळांत तो वेळापत्रकातला सर्वांत अशक्त तास राहिला. औजारं आहेत, कपाटाला कुलूप आहे. चारनंतर शाळेतली कार्यानुभवाची खोली रिकामी असते आणि गावातली माणसंही रिकामी असतात. हे दोन्ही जोडायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने राज्यात गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं. वाचनालय ही सार्वजनिक गरज आहे, हे सरकारने मान्य केलं. हाताने काम करायची जागाही तशीच गरज आहे, असं माझं म्हणणं आहे. पण सरकारची वाट बघत बसायला मी सांगणार नाही.

पैसा गावात आहे. नंदुरबारचे मानाचे दादा आणि बाबा गणपती रथातून निघतात, त्यांची हरिहर भेट बघायला माणसं लोटतात. गणेशोत्सवावर प्रेम करणारा हा जिल्हा आहे. गल्लीगल्लीत मंडळ आहे, मंडळाकडे वर्गणी आहे, आणि त्या वर्गणीतला मोठा वाटा डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जातो. दुसऱ्या दिवशी हातात काय राहतं?

शहादा, तळोदा, प्रकाशा, सारंगखेडा, जिथे जिथे हे वाचलं जाईल तिथल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. येत्या गणेशोत्सवाच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव करा: यंदाच्या वर्गणीतून एक स्क्रोल सॉ, पात्यांची दोन-तीन डझनं, मास्क आणि प्लाय. मुख्याध्यापकांना भेटून संध्याकाळच्या दोन तासांसाठी शाळेची खोली मागा. गावातल्या मिस्तरींना मानधन ठरवून बोलवा. त्यातला काही वेळ बायकांसाठी राखा. पहिलं काम म्हणून आपल्या मंडळाचं मखर करा आणि दुसरं म्हणून गावच्या अंगणवाडीला जिल्ह्याचा लाकडी नकाशा द्या. नक्षीचे कागद आणि मापं माझ्याकडे तयार आहेत. लोणखेड्यात या, घेऊन जा.