परातीतली विहीर

दोस्तांनो, या आठवड्यात तुमच्यातल्याच एका नववीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. ती नि तिचे चार मित्र मिळून शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दहा मिनिटांचा सिनेमा करताहेत. गोष्ट झकास आहे. आजीची नथ विहिरीत पडते नि नातू बुडी मारून ती वर काढतो. ती लिहिते, "काका, आमच्याकडे मोबाइल आहे, गावाबाहेर विहीर आहे आणि पट्टीचा पोहणारा मुलगाही आहे. खर्चायला दीड हजार रुपये आहेत. पाण्याखालचा सीन कसा घ्यायचा तेवढं सांगा."

मोबाइल, विहीर नि पोहणारा मुलगा! वाचून माझ्या पोटात गोळाच आला. का, ते आधी सांगतो.

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी अगदी असाच उद्योग केला होता. व्हिडिओ कॅमेरा भाड्यानं आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर बँड गुंडाळले. विहीर मित्राच्या शेतातली. पण बुडी मारणारा गडी खाली थांबेचना, पाणी त्याला वर ढकलायचं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, कमरेला सुतळीनं विटा बांधू! (ते डोकं माझंच होतं, बरं का.) गडी छान खाली गेला. पण सुतळी भिजली की फुगते नि गाठ आवळते. ती गाठ त्याला सुटेना. मित्राचे चुलते काठावर वैरण कापत होते. ते हातातल्या विळ्यासकट आत उतरले, सुतळी कापली, म्हणून तो वर आला. नंतर अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

कॅमेरा गेला तो गेलाच. शिकवण्या करून आठ महिने पैसे फेडले. कॅसेट वाळवून पाहिली, तर तिच्यात काय होतं? हिरवा अंधार! ना विहीर, ना मित्र.

विहिरीत खाली उजेड पोचत नाही, पाणी गढूळ असतं, आणि खाली काही बिनसलं तर ओरडताही येत नाही. तेव्हा पहिला नियम लिहून घ्या : विहीर, नदी, तलाव, धरण बाद! पोहणारा कितीही तरबेज असो. आणि मोबाइलच्या खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असो.

मग सीन सोडून द्यायचा? छे! आता एका फ्रेंच जादूगाराला भेटू या.

त्याचं नाव जॉर्ज मेलिएस. रंगमंचावर जादूचे खेळ करता करता तो सिनेमाकडे वळला. फेब्रुवारी १८९८ मध्ये 'मेन' नावाची अमेरिकन युद्धनौका क्यूबातल्या हवाना बंदरात स्फोट होऊन बुडाली. जगभर तिचीच चर्चा. मेलिएसनं त्याच वर्षी चित्रपट केला, बुडालेल्या 'मेन'वर काम करणारे पाणबुडे! पण तो ना हवानाला गेला, ना पाण्यात उतरला. जहाजाचा रंगवलेला देखावा उभा केला, पाणबुड्यांच्या पोशाखात माणसं उभी केली आणि कॅमेऱ्यापुढं चक्क माशांची काचेची टाकी ठेवली. मासे कॅमेऱ्याजवळ पोहताहेत, मागं कोरडीठाक माणसं हळूहळू चालताहेत. झाला समुद्राचा तळ!

पुढं अमेरिकेच्या विल्यमसन बंधूंनी खऱ्या समुद्रात चित्रण केलं, १९१४ साली, बहामा बेटांजवळ. पण तेही काय करत? जहाजाखाली जाड काचेची खिडकी असलेली एक कोठी नळीच्या टोकाला सोडायची नि आत बसून बाहेरचं टिपायचं. म्हणजे कॅमेरा कोरडाच! १९९० च्या 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मधल्या पाणबुड्या आठवतात का तुमच्या बाबांना? त्यातली कितीतरी दृश्यं पाण्याचा थेंबही न वापरता, धुरात पाणबुड्यांची मॉडेलं टांगून घेतली होती.

कळली ना गोम? कॅमेरा पाण्यात न्यायचा नाही, पाणी कॅमेऱ्यापुढं आणायचं! आता आपली विहीर बांधू या. सगळं काम अंगणात, उन्हात.

चेहरा. मागं काळी किंवा गडद निळी चादर टांगा. तिच्यापुढं स्टुलावर मित्र बसेल, गाल किंचित फुगवून. त्याच्यापुढं टेबलावर पाणी भरलेली माशांची टाकी आणि टाकीच्या अलीकडे मोबाइल. एकानं बाजूनं टाकीत नळी सोडून फुंकायचं, म्हणजे बुडबुडे वर जातील. पाण्यात चारच थेंब दूध टाकलंत तर विहिरीसारखं धूसर दिसेल. पण टाकीत मासे असतील तर दूध नाही नि फुंकणंही नाही. त्यांचं ते घर आहे! मोबाइल सारखा बुडबुड्यांवर फोकस करतो, म्हणून पडद्यावर मित्राच्या चेहऱ्याला बोट दाबून धरा, फोकस तिथंच कुलूपबंद होतो. काचेत तुमचंच प्रतिबिंब दिसत असेल तर मोबाइलभोवती काळं कापड धरा.

लाटांचा उजेड. आईची परात मागून आणा. तिच्यात पाणी घाला, एक छोटा आरसा तिरका ठेवा नि ऊन त्यावरून चादरीवर पाडा. पाण्याला बोट लावा. पाहा, चादरीवर उजेडाच्या लहरी नाचायला लागतील. तो उजेड मित्राच्या डोळ्यांवर मात्र पाडू नका. विजेचा दिवा पाण्याजवळ अजिबात नको. शिवाय मंदगती चित्रणात काही दिवे लुकलुकतात, ऊन लुकलुकत नाही.

रंग. पाणी उजेडातला लाल रंग आधी गिळतं. दहा मीटर खाली लाल शर्टही काळपट दिसतो. म्हणून मित्राला लाल-पिवळे कपडे नकोत. नाटकवाले दिव्यावर लावतात तो निळा जिलेटिन कागद लेन्सवर धरलात तर काम भागलं.

गती. पाण्यात सगळं संथ चालतं. मोबाइलवर सेकंदाला १२० चित्रं घ्या आणि २४ च्या वेगानं दाखवा. हालचाल पाचपट मंद होईल. पुठ्ठ्यानं मित्राच्या केसांना वारा घाला. पडद्यावर ते पाण्यात तरंगल्यासारखे दिसतील.

नथ. हा एकच शॉट खऱ्या पाण्यातला. टाकीच्या तळाशी वाळू पसरा, खोटी नथ अर्धी पुरा. वरून मित्राचा हात हळूच येतो, वाळू उडते, बोटं नथीवर मिटतात. मोबाइल काचेबाहेर!

आता जोडणी. ओट्यावरून जाड गाद्यांवर उडी, मोबाइल खाली ठेवून, मागं फक्त आभाळ. मग बादलीत आपटलेल्या नारळाचा 'धब्बाक', अगदी जवळून. मग चेहरा. मग हात नि नथ. शेवटी मित्राच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओता नि तो धापा टाकत वर उठू दे. पाच तुकडे आहेत, पण बघणाऱ्याचं मन ते जोडून टाकतं. विहीर कधी दाखवलीच नाही, हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि हो, चेहऱ्याच्या शॉटला बाहेरचे आवाज काढून टाका, फक्त बुडबुड्यांचा आवाज ठेवा. बादलीत नळीनं फुंकून तो वेगळा रेकॉर्ड करता येतो.

मैत्रिणी, तुझ्या दीड हजारांतले बहुतेक वाचतील. त्यातून शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेळ दे. टाकीजवळ ज्यानं दिवसभर फुंकलं, त्याला दोन प्लेट.

आई-बाबांनो, परात, आरसा नि एक रविवार द्या. जमलं तर गाद्यांपाशी स्वतः उभे राहा.

आमचा तो मित्र आजही भेटतो. सुतळीचा तोडा दिसला की माझ्याकडे बघून हसतो. मला मात्र अजून हसू येत नाही.

करून पाहा नि पत्रानं कळवा. नथ सापडली का, तेही!

तुमचा,
काका