पालकांना शिकवायचं ते हेच

शाळेने मुलांना ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलं की पालक खूश असतात. त्याच शाळेने लैंगिक अत्याचाराबद्दल पालकांची सभा लावली की कुरकुर सुरू होते. बाईंनी पोरं शिकवावीत, आम्हाला काय शिकवता? घरचं आम्ही बघून घेऊ.

‘घरचं’ यातच गोम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत पॉक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम ४ आणि ६ खालच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो. शाळा मुलीला ‘नको म्हण’ शिकवते आणि पाहुण्याच्या मांडीवर बसायला ती नको म्हणाली की आपण तिला उद्धट ठरवतो. मुलगा असला तर काळजीच नाही, असं मानणारेही कमी नाहीत. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून जास्त होते.

दुसरा पक्ष ‘शाळेत कॅमेरे लावा, झालं’ म्हणणाऱ्यांचा. कॅमेरे हवेतच, वाद नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतला लैंगिक अत्याचाराचा प्रकार बाहेर आला तो चिमुरडीने घरी सांगितलं म्हणून. घरच्यांनी ऐकलं, विश्वास ठेवला, डॉक्टरकडे नेलं. पुढे गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि पोलिसांना कळवलं नाही म्हणून संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. मुलीचं ऐकून घेणारा माणूस कॅमेऱ्यांच्या निविदेत मिळत नाही.

पालक येतच नाहीत, ही मुख्याध्यापकांची तक्रार. कामाच्या दिवशी सकाळी अकराला सभा ठेवल्यावर रोजंदारीवरची आई येणार कशी? रात्री वस्तीत घ्या.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अशा सभा घेऊन शाळा स्वतःची जबाबदारी पालकांच्या गळ्यात मारते. पुष्कळदा हे खरंच असतं. तासभर मोबाइलवर प्रवचन, शेवटी चहा-बिस्किटं, आणि अहवालात ‘पालक प्रबोधन’. यावरचा उपाय सभा बंद करणं हा नव्हे. पॉक्सो कायदाच पालकांपुढे मांडा. कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे; ‘आधी आतल्या आत चौकशी करू’ ही सवलत शाळेला नाही. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी नोंदवता येतो. पोलीस गणवेशात नसावेत आणि शक्यतो महिला अधिकारी असावी, असं कलम २४ सांगतं. ‘पोरीला चौकीत न्यायचं?’ या धास्तीने गप्प बसणाऱ्या आईला एवढं कळलं तरी तिचं पाऊल उचलेल. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहेच.

हे शिकलेला पालक उद्या शाळेवरच बोट ठेवील, अशी भीती संस्थाचालकांना वाटते. वाटू द्या. शाळेलाही जाब विचारू शकणारे पालक ज्या सभेतून तयार होत नाहीत, ती सभा शाळेच्या जाहिरातीपुरतीच.

२०२२ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय आहे. पालकहो, पुढच्या सभेत फीचा विषय निघण्याआधी विचारा: या समितीत कोण आहे, आणि तक्रार आली तर पोलिसांना फोन कोण करणार? उत्तर लेखी घ्या.