मीठ, गलगंड आणि कांगड्याचा ‘ब’ विभाग

१/ संप्रेरकांच्या इतिहासाचा विषय निघाला की टोरांटो, १९२१, बँटिंग आणि बेस्ट हेच कथानक पुन:पुन्हा सांगितले जाते. ते थोर आहेच. परंतु ज्या प्रयोगाचा परिणाम आपल्यापैकी प्रत्येकाच्या ताटात रोज पडतो, तो हिमालयाच्या पायथ्याशी झाला. आजचा धागा त्या प्रयोगाविषयी, आणि त्यात विसरल्या गेलेल्या माणसांविषयी.

२/ प्रथम रोग समजून घेऊ. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, असते. ती थायरॉक्झिन हे संप्रेरक घडवते आणि त्यासाठी तिला आयोडीन लागते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला अधिक राबण्याचा आदेश देते. राबून राबून ती फुगते. हाच गलगंड. सुश्रुतसंहितेतही या रोगाचे हेच नाव आहे.

३/ मात्र गळ्यावरची गाठ हे केवळ डोळ्यांना दिसणारे लक्षण होय. खरी हानी गर्भात होते. गरोदर स्त्रीला आयोडीन मिळाले नाही, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मतिमंदत्व, मूकबधिरत्व, खुरटलेली उंची, असे आयुष्यभराचे भोग त्याच्या वाट्याला येतात. हे नुकसान नंतर कितीही औषध दिले तरी भरून निघत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

४/ हिमालयातच हा रोग एवढा का? हिमनद्यांनी आणि सहस्रावधी वर्षांच्या पावसाने तेथील मातीतले आयोडीन धुऊन नेले. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही.

५/ विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश लष्करी वैद्याने याचा अभ्यास केला. एकाच प्रवाहाचे पाणी पिणाऱ्या गावांत वरून खाली जावे तसा गलगंड वाढत जातो, असे त्याला आढळले. दूषित पाणी हेच कारण, असा त्याचा निष्कर्ष होता. पाण्यातला गाळ त्याने स्वतः प्राशन केला आणि इतरांनाही पाजला. निरीक्षण बारकाईचे होते, तरी मूळ कारण त्याच्या हाती लागले नाही.

६/ पाश्चात्त्य जगात मात्र आयोडीनचा धागा बराच पुढे गेला होता. १८११ मध्ये कुर्त्वा याला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे याने ते गलगंडावर वापरले. शतकाच्या अखेरीस बाउमान याने थायरॉइडमध्येच आयोडीन असल्याचे दाखवले.

७/ आणि मग १९१७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, अॅक्रन शहरी, मरीन आणि किंबॉल यांनी शाळकरी मुलींवर प्रयोग आरंभला. आयोडीन घेतलेल्या २,१९० मुलींपैकी केवळ ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेतलेल्या २,३०५ जणींपैकी ४९५ जणींची. १९२२ पासून स्वित्झर्लंडमध्ये आणि १९२४ पासून मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ विकले जाऊ लागले.

८/ आता कांगडा. १९५६ साली हे खोरे पंजाबात होते, आज ते हिमाचल प्रदेशात आहे. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील लाखभर लोकवस्तीचे तीन विभाग केले. ‘अ’ आणि ‘क’ या विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले गेले, एकाला पोटॅशियम आयोडाइडचे आणि दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेटचे. ‘ब’ विभागाला साधे मीठ.

९/ आरंभी तिन्ही विभागांत दर शंभरांमागे पस्तीस-चाळीस जणांना गलगंड होता. १९६२ च्या पाहणीत ‘अ’ आणि ‘क’ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. ‘ब’ मध्ये ते होते तेथेच राहिले. त्यानंतर ‘ब’ लाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले आणि १९६८ पर्यंत तेथेही उतार पडला. सूच, देव, करमरकर, कोचुपिल्लै ही या संशोधनातली आणखी काही नावे. त्यातली दोन आडनावे मराठी कानांना परकी वाटणार नाहीत.

१०/ आपली कथने बहुधा येथे टाळ्यांवर संपतात. मला येथेच थांबून विचारावेसे वाटते: ‘ब’ विभागाचे काय? सहा वर्षे तेथे मुले जन्माला येत होती. अॅक्रनचा निकाल चाळीस वर्षे जुना होता. त्या गर्भांना जे मिळाले नाही, ते १९६२ नंतरचे मीठ परत देऊ शकत नव्हते.

११/ प्रयोगाची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. भारतीय मीठ दमट हवेत आणि पोत्यांत दूरचा प्रवास करते. त्यात आयोडीन टिकेल का, हे ठाऊक नव्हते. साऱ्या देशाला पुरेल इतके असे मीठ अस्तित्वातही नव्हते, म्हणजे ‘ब’ विभागाच्या हातचे काही हिरावून घेतले गेले नाही. आणि मानवी प्रयोगांविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. आजचे निकष मागे नेऊन न्याय करणे हा इतिहासाच्या अभ्यासातला जुना दोष आहे.

१२/ हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आयोडाइड की आयोडेट, हा प्रश्न ‘अ’ आणि ‘क’ यांच्या तुलनेतून सुटत होता. ‘ब’ विभाग वेगळ्या शंकेचे उत्तर देत होता: गलगंड घटला तो मिठामुळेच कशावरून? आहार सुधारला असेल, रस्ते झाले असतील, बाहेरचे धान्य आले असेल. ही शंका शास्त्रीय खरी. पण देशभर खर्च करण्यापूर्वी निर्विवाद पुरावा हवा असलेल्या शासनालाही तीच निरसून हवी होती. त्या निरसनाची किंमत ‘ब’ विभागाने मोजली.

१३/ म्हणून माझे मत असे: तुलनेसाठी वंचित ठेवलेल्या गटाचे समर्थन प्रयोगाच्या काळात पूर्ण होत नाही. ते नंतर व्हायचे असते, मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग किती त्वरेने केला यावरून. ‘ब’ विभागाची सहा वर्षे हे एक कर्ज होते आणि ते फेडण्याचे दायित्व संशोधकांहून अधिक राज्यसंस्थेवर होते.

१४/ ते कसे फेडले गेले? १९६२ मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कागदावर ही त्वरा कौतुकास्पद आहे. प्रत्यक्षात मीठ ठरावीक पट्ट्यांपुरते, उत्पादन अपुरे, आणि खासगी उत्पादकांना मुभा मिळाली ती १९८३ मध्ये. एकवीस वर्षे गेली. उत्तर हाती असताना गेली.

१५/ शासनाला हलवण्यास पुन्हा प्रयोगशाळाच लागली. कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशच्या तराईत नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले. एरवी जगात साधारण तीन-चार हजार बालकांत एक जन्मतः थायरॉइडच्या न्यूनतेने ग्रस्त असते. तराईत ते प्रमाण शेकड्यांत मोजण्याइतके निघाले. गळ्यावरची गाठ ज्यांना ‘कुरूपतेचा प्रश्न’ वाटत होती, त्यांना आता मेंदूचे नुकसान आकड्यांत दिसले. त्याच दशकात देशातील सारे खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले.

१६/ कथा तरीही सरळ नाही. साध्या मिठावरील देशव्यापी बंदी १९९७ मध्ये आली, २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. सक्ती नको, निवड हवी, असा युक्तिवाद होता. लहान मिठागरवाल्यांची चिंताही होती. ज्या देशाने मिठावरील कायद्याविरुद्ध दांडीयात्रा पाहिली, तेथे ही भावना समजण्याजोगी आहे. परंतु ज्या बाळाच्या मेंदूचा प्रश्न आहे, त्याला निवड करता येत नाही. म्हणून या वादात मी बंदीच्या बाजूने आहे.

१७/ इतिहास शिकणाऱ्या मित्रांना एक विनंती. वैद्यकातील एखाद्या यशोगाथेत तक्ता दिसला की ज्या रकान्यात काही बदलले नाही, तो आधी वाचा. बदललेल्या रकान्यात संशोधकाचे यश असते. न बदललेल्या रकान्यात कोणाचे तरी आयुष्य असते, आणि त्याचे नाव कोठेही छापलेले नसते.

१८/ आज मिठाच्या पुडीवर आयोडीनचा उल्लेख असतो: ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान दशलक्ष भागांत १५ भाग. त्या बारीक अक्षरांमागे कांगड्याचा ‘ब’ विभाग आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपल्याकडे म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते जागणे म्हणजे निदान ही गोष्ट पूर्ण सांगणे.

तुमचे मत वेगळे असेल तर अवश्य मांडा; विशेषतः क्रमांक १२ आणि १३ विषयी.