हृद्द्रव आणि विषाद : वार्धक्यातील एक दुर्लक्षित जोडी

वृद्ध रुग्ण छातीवर हात ठेवून 'धडधड होते, झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही' असे सांगतो, तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे लक्ष या तीनपैकी एकाच तक्रारीकडे जाते. कोणी धडधडीसाठी अर्जुनाची योजना करतो, कोणी निद्रेसाठी जटामांसी देतो आणि मन न रमण्याचे खापर वयावर फोडून मोकळा होतो. आमच्या मते ही चूक शास्त्राच्या अज्ञानातून नव्हे, विस्मरणातून घडते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार सांगितले आहेत. हृद्द्रव, अस्वप्न आणि विषाद हे तिन्ही त्या एकाच गणनेत येतात. हृदय हे मनाचे आश्रयस्थान, व्यानवायू व साधकपित्ताचेही स्थान. आणि वार्धक्य तर वाताचाच काळ. तेव्हा या तक्रारी एकत्र दिसाव्यात यात नवल नाही. नवल आहे ते आपण त्या वेगळ्या करतो याचे.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. हृदयाघात झालेल्या रुग्णांपैकी विषादग्रस्तांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असे माँट्रियल येथील संशोधकांनी १९९३ साली दाखविले. १९९५ मध्ये त्याच गटाला आढळले की, विषाद आणि हृदयाची वारंवार होणारी अकाली स्पंदने ज्यांच्यात एकत्र होती, त्यांना धोका सर्वाधिक होता. वयाबरोबर वाढणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनमध्येही विषाद वारंवार आढळतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पट होतो, हे फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासातून १९९१ साली पुढे आले. उदास झालेला वृद्ध औषधे वेळेवर घेत नाही, जेवत नाही, फिरत नाही. आणि 'पुन्हा धडधड होईल' या भयाने त्याचा विषाद आणखी वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

येथे आपल्याच औषधांविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु तिच्यातील रेसर्पिनमुळे नाडी मंदावते व काही रुग्णांत विषाद उत्पन्न होतो, हेही पुढील दशकात दिसून आले. यथायोग्य शोधन न झालेला वत्सनाभ हृदयाची लय बिघडवितो. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास पोटॅशियम घटून तोच परिणाम होऊ शकतो. 'आयुर्वेदीय म्हणून निरपाय' हा समज रुग्णाने बाळगला तर क्षम्य, वैद्याने बाळगला तर नाही.

मग करावे काय? प्रथम, नाडी पूर्ण एक मिनिट पाहावी. तिच्या गतीत काहीच क्रम नसेल तर ईसीजी अवश्य काढवावा. दुसरे, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते काय आणि आवडत्या कामातील गोडी गेली काय, हे दोन प्रश्न प्रत्येक वृद्धास विचारावेत. उत्तर होकारार्थी आल्यास जीव नकोसा वाटतो काय, हेही न संकोचता विचारावे. तसे असल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात विलंब करू नये. तिसरे, थायरॉईडची तपासणी विसरू नये. वृद्धांत त्याचे आधिक्य कित्येकदा केवळ मरगळ आणि अनियमित नाडी या रूपानेच प्रकट होते. चौथे, रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास ती आपल्या अधिकारात बंद करू नयेत आणि त्यांसोबत आपले औषध देताना मूळ चिकित्सकास कळवावे.

अभ्यंग, नियमित दिनचर्या, स्निग्ध लघु आहार आणि आश्वासन यांचे मोल आम्ही जाणतो. पण आश्वासन निदानानंतर द्यायचे असते, निदानाऐवजी नव्हे. 'म्हातारपण आहे, चालायचेच' हे वाक्य ज्या दिवशी आपल्या चिकित्सालयांतून हद्दपार होईल, त्या दिवशी हृदयाला मनाचे स्थान म्हणण्याचा आपला अधिकार सार्थ ठरेल.