ग्रामसभेच्या दप्तरी

मारुंजीच्या शेजारी हिंजवडीच्या उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी पुणे जिल्ह्यातील त्याच मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत. आणि नुकतीच पदवी घेतलेले निसर्गाभ्यासक जेव्हा आपली पहिली उमेदवारी करावयास तेथे जातात, तेव्हा वनस्पतींची यादी करून परतणे एवढेच आपले कार्य, अशी समजूत त्यांनी करून घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

परदेशातील अध्ययन आटोपून १९७१च्या सुमारास परतलेल्या तरुण परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीतील देवरायांचे संशोधन केले, ते ग्रामस्थांच्या श्रद्धेस ज्ञानाचे स्थान देऊनच. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तर याहून पुढची वाट दाखविली: गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात गावकरी अभ्यासगटांतून विचार करीत, निर्णय ग्रामसभा सर्वसंमतीने घेई, आणि २००६च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क २००९ साली गावास मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११पर्यंत झगडावे लागले.

म्हणून संशोधनास निधी देणाऱ्या संस्थांनी अशी अट घालावी, की तरुण अभ्यासकाने प्रथम ग्रामसभेची अनुमती घ्यावी आणि आपला अहवाल, इंग्रजीत प्रसिद्ध होण्यापूर्वी, मराठीत किंवा गावाच्या बोलीत तिच्या दप्तरी दाखल करावा.