खोडाळ्याचे ‘पानी’ अशुद्ध कसे?

१/४ मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याचे वारली मूल ‘पानी’ म्हणाले, की ती अशुद्ध मराठी ठरते. हिंदी भाषक तोच शब्द उच्चारतो, तेव्हा मात्र ती ‘दुसरी भाषा’ असते. हा न्याय कोणत्या व्याकरणाचा?

२/४ उत्तर कोकणातील अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो: पाणी-पानी, डोळा-डोला. ही जिभेची चूक नव्हे, ध्वनिनियम आहे. शुद्धतेचा दाखला संस्कृतातूनच हवा असेल, तर मूळ शब्द ‘पानीय’. त्यात ‘न’च आहे. (बोलीने तो तेव्हापासून जपला, असा दावा नाही, मध्ये प्राकृताचा ‘ण’ होताच. पण मग प्रमाण मराठीचा ‘ण’ तरी ‘मूळ’ कसा?)

३/४ ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्ये वारलीला मराठीत बसवले. २०११ च्या जनगणनेने ती ‘भिली/भिलोडी’ गटात मोजली. बदलला तो रकाना. डावर, निहिर, मुरडे या वारलींच्या शाखा. त्यांच्या बोलण्यातील भेदांना जनगणनेच्या तक्त्यात जागाच नाही.

४/४ त्याच २०११ साली जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी पद्मश्री मिळाली. लग्नचौकाची रेष दिवाणखान्यात चालते. त्या चौकापाशी धवलेरी ज्या बोलीत गाते, त्या बोलीतल्या ‘न’वर वहीत लाल फुली पडते.