चिलखत घातलं म्हणजे टँक झाला?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर नवीन ज्युनियर आला की सीनियर मंडळी त्याच्या हातात फायटर देतात. "तू टँक. पुढे उभा राहा आणि मार खा." तिसऱ्या शनिवारी तो येत नाही. मग आपण म्हणायला मोकळे, की त्याला इंटरेस्टच नव्हता! मला हे साफ नामंजूर आहे. बिचाऱ्याला काम चुकीचं सांगितलेलं असतं.

टँकचं काम मार खाणं नाही, रस्ता अडवणं आहे. कॉम्प्युटर गेममध्ये 'टाँट' मारला की राक्षस मुकाट टँककडे वळतो. टेबलावर मात्र राक्षस चालवणारा डीएम हा हाडामांसाचा माणूस असतो. चेनमेल आणि ढाल मिळून तुमचा आर्मर क्लास १८, आणि मागे झगा घालून उभा असलेला विझार्ड १२ वर. तुम्ही गॉब्लिन असता तर कोणाला मारलं असतं? म्हणजे चिलखत जितकं जाड, तितकं शत्रूने तुमच्याकडे यायचं कारण कमी.

आता जरा हिशोब करू (ड्रॉइंग शीट सगळ्यांकडे आहेच). एक चौकोन पाच फुटांचा. ४० फुटी हॉल म्हणजे आठ चौकोन. मध्ये उभा असलेला तलवारवाला त्यातले तीनच धरतो, उरलेल्या पाचांतून गॉब्लिन शिट्टी वाजवत जातो. २००३ च्या साडेतीन एडिशनमध्ये, एका पावलाची सूट सोडली, तर तुमच्या टप्प्यातला चौकोन सोडताना फटका बसायचा. २०१४ च्या पाचव्या एडिशनपासून शत्रू टप्प्याच्या बाहेर पडला तरच अपॉर्च्युनिटी ॲटॅक मिळतो. तुमच्याभोवती प्रदक्षिणा घातली तर काही नाही! शिवाय रिॲक्शन राऊंडला एकच. तिघे धावले तर दोघे फुकटात गेले.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे दार शोधा. पाच फुटांच्या दारात उभा असलेला साधा फायटर मैदानातल्या चिलखती वीराला भारी पडतो. मैदानातच लढायचं असेल तर ढाल ठेवा आणि हालबर्ड घ्या. आर्मर क्लास दोनने उतरेल, उतरू दे. टप्पा दहा फूट झाला की तीनाचे पाच चौकोन होतात. चौथ्या लेव्हलला सेंटिनल फीट घ्या. अपॉर्च्युनिटी ॲटॅक लागला की शत्रूचा स्पीड शून्य, गडी जागेवर खिळला. आणि फीट नसेल तरी एक हात मोकळा ठेवून शत्रूला धक्का देऊन पाडा आणि मग धरून ठेवा. धरलेल्याचा स्पीड शून्य आणि उठायला स्पीड लागतो, म्हणजे सुटेपर्यंत पठ्ठ्या जमिनीवरच!

२००८ च्या चौथ्या एडिशनला 'हा तर कॉम्प्युटर गेम' म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ. पण फायटरचं दुखणं तिनेच नीट ओळखलं असं माझं मत आहे. फायटरने 'मार्क' केलेल्या शत्रूने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर वजा दोन, आणि शत्रू शेजारी असेल तर वर फायटरचा फटका. म्हणजे जबरदस्ती नाही, पण किंमत मोजा.

डीएम लोकांनाही एक विनंती. टँकला वाईट वाटू नये म्हणून सगळे राक्षस त्याच्यावर सोडू नका, ती दया झाली. गॉब्लिनला खुशाल विझार्डकडे पळू द्या. फक्त नकाशात दोन खांब, एखादं दार, थोडा चिखल काढा. आणि पुढच्या शनिवारी ज्युनियरला कॅरेक्टर शीट देताना हालबर्ड असतो हे सांगा.